कॉफी उकळावी की मुरवावी?

पेण-रोह्याकडच्या बहुतेक घरांत सकाळ उजाडते ती चहाने. कॉफीचे भांडे चढते ते एखाद्या दिवशीच. पण चढले की पद्धत ठरलेली. दूध, पाणी, साखर आणि कॉफीची पूड एकत्र करून खळखळा उकळायची आणि वर जायफळ किसायचे. घरभर घमघमाट सुटतो. पण विचार करा, जो वास घरभर पसरला तो कपातून निघूनच गेला की! मागे उरतो कडवटपणा, आणि तो झाकायला आणखी चमचाभर साखर.

असे का होते? भाजलेल्या कॉफीच्या १०० ग्रॅम पुडीतील सुमारे ३० ग्रॅम द्रव्ये पाण्यात विरघळू शकतात, बाकीचा चोथा. ही द्रव्ये एकदम बाहेर पडत नाहीत. आंबटसर, गोडसर व सुवासिक द्रव्ये लवकर उतरतात, कडू व तुरट द्रव्ये मागाहून. सुमारे २० ग्रॅम उतरली की थांबावे, असे जाणकार सांगतात. उकळत राहिलो की आपण त्याच्या पुढे जातो.

पूड किती बारीक, यावरही वेळ ठरते. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे १००० घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे दसपट. पाण्याला शिरायला तितकी जागा वाढली. म्हणून बारीक पुडीला थोडा वेळ पुरतो.

आता तापमान. ९० ते ९६ अंश सेल्सियसचे पाणी कॉफीला चांगले. पेण आणि रोहे समुद्रसपाटीच्या जवळ, तेव्हा येथे पाणी जवळजवळ १०० अंशांना उकळते. सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरी ते साडेपंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळते; तिथल्या लोकांचे काम निसर्गानेच सोपे केले आहे! आपण मात्र कपभर पाणी उकळून गॅस बंद करावा, मिनिटभर थांबावे, मग दोन सपाट चमचे पूड घालून ढवळावे आणि झाकण ठेवून चार मिनिटे मुरू द्यावे. झाकणामुळे वाफ कोंडते. तिच्याबरोबर जाणारी उष्णता आणि वास दोन्ही वाचतात. नंतर ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळून वेगळे तापवलेले दूध घालावे. जायफळ हवेच असेल तर आता.

फडके नसेल तर गाळ खाली बसू द्यावा लागतो, आणि इथे बारीक पूड दगा देते. पावसाळ्यात कुंडलिकेचे गढूळ पाणी पेल्यात घेऊन पाहा. वाळू लगेच तळाशी जाते, माती तासन् तास तरंगते. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे कणाचा व्यास निम्मा झाला की खाली बसण्याचा वेग चौथाई होतो.

दक्षिणेकडचा दोन मजली फिल्टर हे काम स्वतःच करतो. वरच्या डब्यातील पुडीच्या थरातून पाणी आपल्या वजनाने झिरपते. वाळूतून पाणी झिरपण्याचा नियम आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली प्रसिद्ध केला. तो येथेही उपयोगी पडतो. पूड फार बारीक केली किंवा फार दाबली तर थेंब पडायचे थांबतात. जर्मनीत मेलिटा बेंत्स या गृहिणीने तर मुलाच्या वहीतला टीपकागद गाळणी म्हणून वापरला आणि १९०८ साली त्या गाळणीचे हक्क नोंदवले.

आच मुळीच न लावताही कॉफी होते. रात्री जाडसर पूड गार पाण्यात घालून, झाकून, फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. कॅफीन गार पाण्यात विरघळेल का, अशी शंका येईल. २५ अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम कॅफीन विरघळते. कपात ते असते जेमतेम ०.१ ग्रॅम. तेव्हा अडचण विरघळण्याच्या मर्यादेची नाही, वेगाची आहे, आणि रात्र पुरेशी मोठी असते.

शाळेच्या तराजूवर एक प्रयोग करता येईल. बिनचिकोरीची पूड घ्या, कारण चिकोरी कॉफीपेक्षा बरीच जास्त विरघळते. १०-१० ग्रॅमचे दोन वाटे करा. एक चार मिनिटे मुरवा, दुसरा तितक्याच पाण्यात दहा मिनिटे उकळा. दोन्ही चोथे न सांडता गाळून कडकडीत वाळवा आणि तोला. ८ ग्रॅम उरले तर २ ग्रॅम, म्हणजे शेकडा २०, कॉफीत उतरले. मात्र हा प्रयोग दिवाळीनंतर करावा; आपल्याकडच्या पावसाळी हवेत चोथा वाळण्याऐवजी त्याला बुरशीच यायची.