वैशाखात भरणारी वाडी

कोकणातल्या गावची लोकसंख्या सांगायची तर आधी महिना विचारावा लागतो. मंडणगड तालुक्यातील आमची बौद्धवाडी पावसाळ्यात कुलपांची, तर बुद्धपौर्णिमेला विहारात बसायला जागा नाही. बाबासाहेबांच्या घराण्याचे आंबडवे याच तालुक्यातले. सुभेदार रामजी फौजेत गेले आणि बाबासाहेब 1891 मध्ये जन्मले ते महूला. पुढच्यांनी गिरणी, गोदी, रेल्वे धरली, आम्ही कचेरी.

सन 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे 16 लाख 97 हजार माणसे होती, 2011 मध्ये 16 लाख 15 हजार. राज्य वाढले, जिल्हा घटला! हजार पुरुषांमागे स्त्रिया अकराशेवर. शेत, गुरे, म्हातारी माणसे कोणी सांभाळली ते यावरून कळावे.

गेल्या जयंतीला काकी म्हणाली, "2027च्या मोजणीत तुमची नावं इथंच लावा, म्हणजे शाळा तरी राहील." नाव राहत्या ठिकाणीच लागते, आणि शाळा टिकते ती मुलांच्या पटावर, हे समजावताना आम्हा कारकुनाची जीभ अडखळली. विहाराच्या वर्गणीच्या वहीत मात्र सगळे आहेत, मुंबईकर, ठाणेकर, सुरतेला गेलेला एकजणसुद्धा. ती वही काकीच्याच पेटीत असते.