परटाच्या वहीतला गंजीफ्रॉक

आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी परटाच्या हिशेबाची वही निघाली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, १९५२ सालची. दर आठवड्याला शिसपेन्सिलीने लिहिलेली तीच ती यादी : धोतर २, सदरा ३, पंचा २, गं. फ्रॉ. ४. मे महिन्यातल्या एका पानावर ‘गं. फ्रॉ. १ कमी’ असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली आहे. पुढच्या आठवड्यात निकाल : ‘मिळाला. काखेत फाटका. पैसे कापले.’

गं. फ्रॉ. म्हणजे गंजीफ्रॉक. बनियनने त्याला आता जवळजवळ हद्दपार केलंय. लहानपणी मला तो गंजिफ्याचा भाऊबंद वाटे. सावंतवाडीचे गोल पत्ते खेळताना घालायचं काहीतरी. शिवाय फ्रॉक तर मुली घालतात. ‘आजोबा, तुमचा फ्रॉक वाळलाय’ असं ओरडून आम्ही पळायचो. पुढे शब्दकोश चाळायचं व्यसन लागलं आणि एके दिवशी उलगडा झाला की गंजी म्हणजे गर्न्सी. गेली कित्येक वर्षं मी त्या एका शब्दाच्या मागे आहे.

गर्न्सी हे इंग्लिश खाडीतलं, फ्रान्सला बिलगलेलं बेट. शेजारचं जर्सी. दोन्ही बेटांनी जगाला दोनच गोष्टी दिल्या, गाई आणि लोकरी अंगरखे, आणि दोन्हींना आपापलं नाव लावलं. आपल्याकडे खेड्यात जर्सी गोठ्यात असते आणि शहरात क्रिकेटपटूच्या अंगावर, पण त्यात कुणाचा घोटाळा होत नाही.

गर्न्सी फ्रॉक हा खलाशांचा आणि कोळ्यांचा पोशाख. फ्रॉक त्या काळी पुरुषांच्याही अंगावर असे. शेतमजुरांच्या सैल अंगरख्याला इंग्लंडात फ्रॉकच म्हणत. हा मात्र घट्ट विणीचा, पाच सुयांवर गोल गोल विणत नेलेला, म्हणून अंगाला कुठेही शिवण नाही. पुढची-मागची बाजू सारखी, म्हणजे अंधारात कसाही चढवावा. काखेत चौकटीसारखा जोड, हात मोकळा फिरावा म्हणून. बाही खांद्याकडून मनगटाकडे विणलेली. कड विरली की तेवढीच उसवायची आणि पुन्हा विणायची. फ्रँक मेडो सटक्लिफ याने यॉर्कशरच्या व्हिटबी बंदरातल्या कोळ्यांचे जे फोटो काढले, त्यांत हे अंगरखे जवळून पाहता येतात.

हा अंगरखा बंदरोबंदरी गेला आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव झिजलं. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर तो गॅन्झी झाला. कॉर्नवॉलने बेटाचं नावच टाकून दिलं आणि ‘निट-फ्रॉक’ म्हटलं. आयर्लंडने तर कमालच केली. आयरिश भाषेत कुठल्याही स्वेटरला ‘गॅन्झी’च म्हणतात. इंग्रजांशी शतकानुशतकं भांडलेल्या देशाच्या स्वेटरवर इंग्लिश खाडीतल्या बेटाचा शिक्का! मेलबर्नमध्ये गर्न्सी म्हणजे फुटबॉलपटूचा बिनबाह्यांचा शर्ट, आणि कुणाची निवड झाली की त्याला ‘गर्न्सी मिळाली’ म्हणतात. रग्बीवाल्या सिडनीत मात्र जर्सी. बाकी जगाचं पटकन सांगून टाकतो. लंडनमध्ये स्वेटर म्हणजे जंपर. अमेरिकेत जंपर मागितलात तर ब्लाउजवरून घालायचा बिनबाह्यांचा झगा मिळेल. जंपरचं मूळ फ्रेंचमधून थेट अरबी जुब्ब्यापर्यंत जातं असा कोशकारांचा कयास आहे. तो खरा असेल तर आपला जुब्बा त्याचा चुलतभाऊ.

या गॅन्झीच्या नादात मला रिचर्ड रट भेटले. पुस्तकातून. रट हे अँग्लिकन बिशप. १९५४ ते १९७४ कोरियात मिशनरी, तिथल्या ‘सिजो’ कवितांचे भाषांतरकार, मग कॉर्नवॉलमध्ये सेंट जर्मन्सचे आणि १९७९ ते १९९० लेस्टरचे बिशप. शिवाय स्वतः हाताने विणणारे. १९८७ साली त्यांनी हातविणकामाचा जाडजूड इतिहास लिहिला. दंतकथा दिसली की त्यांची सुई टोचलीच म्हणून समजा.

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हाइन्झ किवे. जर्मनीतून आलेला, ऑक्सफर्डात लोकरीचं दुकान चालवणारा. १९३६ साली डब्लिनमध्ये त्याने आयर्लंडच्या आरन बेटांवरचा एक जाड, दोरखंडी विणीचा स्वेटर पाहिला आणि त्याला साक्षात्कार झाला की ही नक्षी प्राचीन आयरिश भिक्षूंची आहे. पुढे त्याने यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि दुकानदारांना आयती जाहिरात मिळाली. रट यांनी शांतपणे दाखवून दिलं की आरन स्वेटर फार तर शंभरेक वर्षांचा; कोळ्यांच्या गॅन्झीतूनच निघालेला.

दुसरी दंतकथा अजून चिवट. म्हणे प्रत्येक गावाची नक्षी वेगळी, म्हणजे बुडालेल्या माणसाचं प्रेत कुठल्या गावचं ते कळावं. याला खतपाणी मिळालं ते आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’ या १९०४ च्या नाटकातून. पण तिथे बहीण भावाला ओळखते ती त्याच्या मोज्यावरून, स्वतः घातलेले आणि गाळलेले टाके मोजून. स्वेटर आणि गावाची नक्षी ही नंतरची भर. आणि नक्षी गावाला चिकटून राहणार कशी? हेरिंग मासे साफ करणाऱ्या स्कॉटिश मुली मोसमाबरोबर पार इंग्लंडातल्या यारमथपर्यंत किनारा उतरत, चालता चालता विणत, एकमेकींच्या नक्ष्या उचलत. खरी ओळख फार साधी होती : कित्येक गॅन्झींच्या खालच्या काठाशी मालकाची आद्याक्षरं विणलेली असत.

आता आपल्या बनियनकडे. ही मंडळी परतीच्या तिकिटावर आलेली. वाण्यांच्या अंगावरचे सैल कपडे पाहून इंग्रजांनी ‘बॅनियन’ शब्द उचलला. सतराव्या-अठराव्या शतकात तिकडचे श्रीमंत घरात ‘बॅनियन’ नावाचा पायघोळ झगा घालून मिरवत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशापर्यंत भारतातल्या इंग्रजांनी तोच शब्द आतल्या विणलेल्या कपड्याला लावला होता. तो आपण बनियन म्हणून परत घेतला आणि विकायला लागलो ‘होजिअरी’च्या दुकानात, जिथे आजच्या इंग्रजाला फक्त मोजे दिसतील. तो या बनियनला व्हेस्ट म्हणेल, ऑस्ट्रेलियन सिंगलेट, स्कॉटिश म्हातारा सेमिट. आणि अमेरिकनाला व्हेस्ट मागाल तर तो कोटाखालचं जाकीट काढून देईल. थोडक्यात, इंग्रजांच्या अंगावरून आलेला गंजीफ्रॉक आपण जवळजवळ हरवला आणि आपल्याच वाण्याचा शब्द विलायती समजून वापरतोय.

गंजी मात्र बंगालीत ‘गेंजी’ म्हणून ठणठणीत आहे, हिंदीतही आहे. मराठी-कोकणीने तर ती फ्रॉकासकट जपली; फ्रॉक कॉर्नवॉलनेही सोडला नव्हता. मला विचाराल तर हे बोटींचं काम. रत्नागिरीकडचे खलाशी मुंबईहून विलायती बोटींवर चढत. साहेबाच्या भांडारातून मिळालेला कपडा त्याच्या नावासकट गावी आला असणार.

वहीच्या खाली आजोबांचा शेवटचा गंजीफ्रॉक होता. पिवळा पडलेला, सुती. मी तो उलटा करून पाहिला. अंगाला शिवण नाही. नळीसारखा गोल विणलेला. आणि खालच्या काठाशी बिब्ब्याची खूण, दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. परटाने आमचं घर ओळखायला घातलेली.

तुमच्या घरी परटाची जुनी वही किंवा बोटीवर गेलेल्या पणजोबांच्या सामानाची यादी असेल, तर रद्दीत घालण्याआधी ‘गं. फ्रॉ.’ शोधा आणि अंकाच्या पत्त्यावर मला कळवा. १९०० च्या आधीची नोंद असेल तर टपालखर्च माझा.