खोट्या शौर्याचे चलन

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी १९ डिसेंबर १९५९ रोजी वॉल्टर विल्यम्स नावाचा एक अतिवृद्ध गृहस्थ निवर्तला. आपले वय ११७ असल्याचे तो सांगे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला अखेरचा सैनिक अशी त्याची ख्याती होती आणि अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी त्याच्या निधनानिमित्त राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. त्याच वर्षी एका वार्ताहराने जुने कागद तपासून शंका उपस्थित केली होती. पण मरणपंथाला लागलेल्या म्हाताऱ्याचा मान काढून घेण्याची कोणाचीच इच्छा नसावी. पुढे १९९१ साली विल्यम मार्व्हल ह्या इतिहासकाराने जुन्या नोंदी चाळल्या. युद्ध सुरू होण्याच्या सुमारास हा वीर जेमतेम पाचसहा वर्षांचा होता! मार्व्हल ह्यांचा निष्कर्ष तेवढ्यावर थांबला नाही. दक्षिणेचे अखेरचे सैनिक म्हणून गौरविले गेलेले डझनभर वृद्ध सगळेच बनावट होते. खरा शेवटचा मानला जाणारा सैनिक, प्लेझंट क्रंप, अलाबामात १९५१ च्या अखेरीस वारला होता. 'अखेरचा' हा मान त्याच्या हयातीत त्याच्या वाट्याला आला नाही.

विल्यम्सने सैनिकी वेतनासाठी अर्ज केला तो १९३२ साली, म्हणजे महामंदी ऐन भरात असताना. वृद्धांना आधार देणारा सामाजिक सुरक्षा कायदा अमेरिकेत १९३५ साली झाला. तोपर्यंत दक्षिणेतील गरीब शेतकऱ्याला म्हातारपणी सरकारी पैसा मिळण्याचे जे थोडे मार्ग होते, त्यांत यादवी युद्धातील सैनिकांसाठी राज्याने ठेवलेले वेतन हा एक होता. युद्ध संपून ६७ वर्षे लोटलेली, साक्षीदार मातीत गेलेले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्यात नवल वाटू नये. ज्या दाव्याचे मोल मोठे आणि पडताळा अवघड, तो दावा करणारे वाढतच जातात. विल्यम्सवर रागावणे मला तरी जमत नाही.

झेव्हियर अल्वारेझ ह्याची गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियातील एका पाणीपुरवठा मंडळाचा हा निवडून आलेला सदस्य. २००७ साली एका बैठकीत स्वतःची ओळख करून देताना आपण पंचवीस वर्षे नौसैनिक दलात होतो आणि १९८७ साली आपल्याला 'मेडल ऑफ ऑनर' मिळाले, असे त्याने ठोकून दिले. हे पदक म्हणजे आपल्या परमवीरचक्राच्या तोलाचे. हा मनुष्य सैन्यात एक दिवसही नव्हता. लष्करी सन्मानाचा खोटा दावा करणे हाच गुन्हा ठरविणाऱ्या कायद्याखाली त्याच्यावर खटला झाला. परंतु २०१२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरविला. नुसते खोटे बोलणे हा गुन्हा मानला, तर सत्य काय हे ठरविण्याचा मक्ता सरकारकडे जाईल, ही भीती त्यामागे होती. पुढच्याच वर्षी नवा कायदा झाला. पैसा, मालमत्ता किंवा अन्य ठोस लाभ मिळविण्यासाठी केलेल्या खोट्या दाव्यालाच आता शिक्षा आहे. मला ही सीमारेषा योग्य वाटते. बढाईखोराला तुरुंगात घालू लागलो, तर आपल्याकडील किती चहाची दुकाने ओस पडतील! (गणवेशाची गोष्ट निराळी. सैनिक नसताना तसे भासविण्याच्या हेतूने गणवेश घालणे हा आपल्याकडेही जुन्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे.)

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तोतया सहसा परमवीरचक्राच्या वाटेला जात नाही. स्वातंत्र्यानंतर ते अवघ्या २१ जणांना मिळाले; त्यांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. खोटे वस्ती करते ते नोंदी विरळ असतील तेथे. १९७३ साली सेंट लुईस येथील कागदपत्र-भांडाराला आग लागून अमेरिकी सैनिकांच्या कोट्यवधी नोंदी भस्मसात झाल्या. 'माझे कागद त्या आगीत गेले' ह्या वाक्याइतका सोयीचा पुरावा तोतयाला दुसरा कोणता मिळणार?

मराठवाड्यातील वाचकाला एव्हाना घरची आठवण झाली असेल. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, १९७२ साली, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. ज्याने तुरुंगवास भोगला त्याची नोंद तुरुंगात सापडे. पण हैदराबाद मुक्तिसंग्रामात कित्येकजण भूमिगत राहून लढले, निजामी हद्दीबाहेरच्या छावण्यांतून काम करीत राहिले. भूमिगताची नोंद कोण ठेवणार? म्हणून सरकारी कागद नसल्यास, दीर्घ कारावास भोगलेल्या ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरण्याची सोय झाली. सोय न्याय्य होती आणि तीच फट ठरली. बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण चौकशी आयोग, उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत २००५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

ग्रेशॅमचा सिद्धान्त आपण वर्गात नाण्यांच्या संदर्भात शिकवितो: खोटे नाणे खऱ्याला चलनातून हुसकून लावते. सन्मानाच्या बाबतीत हे अधिक क्रूरपणे घडते. सरकारी तिजोरीला बसणारा भुर्दंड तुलनेने क्षुल्लक आहे. खरा भुर्दंड पडतो तो पुढच्या अर्जदारावर. एक घोटाळा उघडकीस आला, की नियम आवळले जातात, जादा दाखले मागितले जातात. आणि दाखले जमविण्यात तोतया तरबेज असतो, खरा भूमिगत नव्हे. ज्याने नाव लपवून काम केले, त्याच्याकडे त्या नावाचा कागद कोठून असणार? २००१ साली गुरदियालसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, की अशा अर्जदाराकडून फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागू नये, शक्याशक्यता पाहून उदारपणे निर्णय द्यावा. चारच वर्षांनी त्याच न्यायालयापुढे बीडचे प्रकरण आले. कचेरीतल्या कारकुनाने ह्यांतला कोणता निवाडा डोळ्यांसमोर ठेवावा? उदार झाला तर फसवणुकीला हातभार लावल्याचा ठपका. कठोर झाला तर हाडे खिळखिळी झालेल्या वृद्धाला परत पाठविल्याचे पाप.

अल्वारेझच्या निकालपत्रात एक साधी सूचना आहे: खऱ्या मानकऱ्यांची यादी सर्वांना पाहता येईल अशी खुली ठेवा, म्हणजे खोटे आपोआप उघडे पडेल. आपल्याकडे ह्यासाठी यंत्रसामग्रीची गरजही नव्हती. छावणीत कोण होते आणि त्या वर्षी कोण मामाच्या गावी मुक्काम ठोकून होते, हे गावाला पक्के ठाऊक होते. अर्जदाराचे नाव, त्याने सांगितलेली छावणी आणि प्रमाणपत्र देणाऱ्याचे नाव असा एक कागद चावडीवर महिनाभर लावला असता, तर कचेरीचे निम्मे काम गावानेच केले असते. १९७२ साली हे सहज शक्य होते. मुक्तिसंग्रामात वीस वर्षांचा असलेला तरुण तेव्हा चव्वेचाळीसचा होता. आज तो हयात असलाच, तर शंभरीच्या उंबरठ्यावर आहे, आणि त्याला ओळखणारे सवंगडी बहुतेक गेले आहेत.