भंगारात गेलेलं कोबाल्ट

आज अणुसुरक्षेबद्दल बोलायचंय, पण सुरुवात भंगाराच्या दुकानातून.

एप्रिल 2010. दिल्लीतला मायापुरीचा भंगार बाजार. तिथले काही कामगार आजारी पडले. कातडी काळी पडली, केस गळायला लागले. तपास झाला आणि भंगारात सापडलं कोबाल्ट-60. ते आलं होतं दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या एका जुन्या यंत्रातून. यंत्र 1985 पासून पडून होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये लिलावात विकलं गेलं आणि भंगारवाल्यांनी तोडलं. एका कामगाराचा जीव गेला.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर आंतरराष्ट्रीय निरीक्षक येतात ना? येतात की! पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांवर त्यांची देखरेख आहे. इंधनाचा हिशेब, सील, कॅमेरे, सगळं. याला म्हणतात सेफगार्ड्स. पण त्यांचा प्रश्न एकच: युरेनियम, प्लुटोनियम बॉम्बकडे तर वळत नाही ना? कोबाल्टपासून अणुबॉम्ब बनत नाही, म्हणून ते त्या हिशेबात नसतंच.

कोबाल्ट येतं सिक्युरिटीत. ते कोणाच्या ताब्यात आहे, काम संपल्यावर कुठे गेलं? भारतात यावर लक्ष ठेवतं अणुऊर्जा नियामक मंडळ. ते स्थापन झालं 1983 मध्ये, आणि हे यंत्र त्याच्याही आधीचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे दुखणं ओळखतो. सिस्टिम नवी येते, जुना डेटा मात्र कुठल्या तरी कपाटातल्या रजिस्टरमध्येच राहतो.

कोबाल्ट-60 ची ताकद साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे त्या 25 वर्षांत ती सत्ताविसाव्या हिश्श्यापर्यंत उतरली होती. तरीही माणूस गेला.

नोकरी सोडताना माझ्या लॅपटॉपचा नंबर तीनदा तपासला गेला. चार्जरसुद्धा मोजला. त्या यंत्राबाबत, विकण्याआधी, ‘यात आत काय आहे?’ एवढं एकाने विचारलं असतं तर?

अणुसुरक्षा म्हटलं की आपल्याला बंदूकवाले पहारेकरी आठवतात. निम्मं काम खरं तर नोंदवहीचं असतं. पैसा कमी, माणसं कमी, अशा देशात पहिली दुर्लक्षित होते ती वहीच.

तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा भंगारात तीन पाकळ्यांचं ते किरणोत्साराचं चिन्ह दिसलं, तर हात लावू नका, लांब व्हा. विभागप्रमुखांना किंवा पोलिसांना लगेच कळवा. भेटूया पुढच्या भागात!