ब्रेकांत शिरलेली हवा व ती काढण्याची रीत

कांदा व भाजीपाला स्वतःच्या पिकअप गाडींतून बाजारपेठेस नेणारे शेतकरी आतां गांवोगांवीं आढळतात. नाशिककडून वाशीच्या बाजारास जाणारा माल कसारा घाट उतरून जातो. भरल्या गाडीची त्या उतारावर सारी भिस्त ब्रेकांवर असते. म्हणून ब्रेकांत हवा शिरल्यास ती कशी काढावी, हें प्रत्येक गाडीवाल्यानें जाणून घेणें अगत्याचें आहे.

बंद नळींतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा पास्कल या फ्रेंच पंडिताचा नियम या ब्रेकांच्या मुळाशीं आहे. द्रव बहुतेक दबत नाहीं. हवा मात्र दबते. नळींत बुडबुडा राहिला म्हणजे पायाचा जोर त्यालाच दाबण्यांत खर्च होतो. पायडल मऊ लागतें व दोनतीन वेळां दाबल्याखेरीज ब्रेक धरीत नाहीं. ब्रेकचें तेल ओलावाही शोषतें. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेंटिग्रेड असतो. ओलावा धरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरूं शकतो. मग घाटांत तेलाची वाफ होऊन ब्रेक निकामी होतात.

हवा काढण्यास दोन माणसें लागतात. गाडी सपाट जागीं ठेवून चाकांना दगड लावावे. टाकी नव्या तेलानें भरावी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे बहुधा मागील डाव्या चाकापासून, आरंभ करावा. गाडीच्या पुस्तकांत निराळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा. निपलावर पारदर्शक नळी बसवून तिचें दुसरें टोंक थोडें तेल घातलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पायडल सावकाश दाबून धरावें. दुसऱ्यानें निपल पाव ते अर्धा फेरा सैल करून हवा व तेल बाहेर येऊं द्यावें आणि लागलीच आंवळावा. निपल बंद झाल्यावरच पायडल सोडावें. आधीं सोडल्यास हवा पुन्हां आंत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत असें करून मग पुढील चाक घ्यावें. मध्यें टाकी रिकामी होऊं देऊं नये. निघालेलें तेल पुन्हां वापरूं नये व रंगावर सांडल्यास पाण्यानें धुवावें.

ट्रॅक्टरांत निराळ्या प्रकारचे ब्रेक असूं शकतात. तेथें पुस्तकांत सांगितलेलेंच तेल घालावें. दाबून धरलेलें पायडल हळूहळू खालीं जात असेल, तर दोष हवेचा नसून गळतीचा वा रबरी सीलचा समजावा व जाणत्या मिस्त्रीस दाखवावें. पायडल टणक लागून रिकाम्या गाडीची मंद वेगानें परीक्षा झाल्यावांचून माल भरूं नये.