दुकानाचा नंबर दुकानाचाच राहावा म्हणून

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमसारख्या गावात दुकानांच्या पाट्या जरा निरखून वाचा. पाटीवर तीन-चार मोबाइल नंबर असतात. त्यातल्या एकावर चिकटपट्टी असते, एक मार्करने खाली वाढवलेला असतो. चिकटपट्टीखालचा नंबर काम सोडून गेलेल्या पोराचा. तो आता समोरच्या दुकानात बसतो आणि जुनी गिऱ्हाइकं अजूनही त्यालाच विचारतात, ‘सोयाबीनचं बियाणं आलं का?’ दुकान मालकाचं, माल मालकाचा, पण गिऱ्हाईक मात्र नोकराच्या खिशातल्या सिमकार्डात.

हे दुखणं फार जुनं आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीला अल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा व्यावसायिक होता. टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई आपल्याकडचे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय आला. मग मधली बाईच नको, म्हणून त्याने आपोआप जोडणी करणारं यंत्र काढलं. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढच्याच वर्षी इंडियानातल्या ला पोर्ट गावात तसं एक्स्चेंज सुरू झालं. संशय खरा होता की खोटा, देव जाणे. पण स्वयंचलित टेलिफोनचा जन्म झाला तो एका छोट्या धंदेवाल्याच्या ‘माझा फोन माझ्याकडेच आला पाहिजे’ या हट्टातून.

आज हा हट्ट पुरवायला आयपी फोन पुरेसा आहे, आणि त्यासाठी मुंबई-पुण्याचं ऑफिसच लागतं असं नाही. आयपी म्हणजे इंटरनेटवर जी पद्धत चालते तीच. साध्या फोनमध्ये आवाज तांब्याच्या तारांच्या जोडीवरून सलग जातो. आयपी फोन तोच आवाज आकड्यांत बदलतो, वीस मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो आणि सेकंदाला पन्नास तुकडे नेटवर्कवरून पाठवतो. घंटा वाजवणं, फोन उचलल्याचं कळवणं, ठेवल्याचं कळवणं ही कामं एसआयपी नावाची पद्धत करते (म्युच्युअल फंडातली नव्हे, ती वेगळी). तिचं पहिलं मानक १९९९चं आणि आज चालतं ते २००२चं. फोन चिनी, ऑफिसच्या एक्स्चेंजची पेटी बडोद्याची आणि लाइन बीएसएनएलची असली तरी त्यांचं आपसात जमतं, ते या सामाईक पद्धतीमुळे.

खरं तर अनेकांच्या घरी हा फोन येऊनही गेला आहे, फक्त कोणी तसं सांगितलेलं नाही. फायबरचं कनेक्शन घेतलं की भिंतीवर जो छोटा डबा लागतो, त्याच्या मागे साध्या फोनचं एक भोक असतं. त्या भोकात लावलेला फोन दिसायला जुना, पण डब्याच्या पलीकडे तो आयपीच असतो. छोट्या धंद्याने सुरुवात इथूनच करावी. संस्थेच्या नावावर घेतलेला तो फायबरचा लँडलाइन नंबर गेटवे नावाच्या जोडयंत्रातून आपल्या आयपी-पीबीएक्समध्ये घ्यायचा. पीबीएक्स म्हणजे ऑफिसचं स्वतःचं एक्स्चेंज, ज्याला आपण सरसकट ‘इंटरकॉम’ म्हणतो. एका वेळी चार-सहा बाहेरचे कॉल लागत असतील तर परवानाधारक कंपनीकडून एसआयपी ट्रंक घ्यावी. तिथे एकाच नंबरावर अनेक कॉल येतात आणि ‘बिझी’ लागत नाही.

समजा एक कृषी सेवा केंद्र आहे. पुढे दुकान, मागे गोदाम, मेहकरला एक शाखा. काउंटरवर दोन फोन, हिशेबाच्या टेबलावर एक, मालकाकडे एक, गोदामात एक, शाखेत दोन. साधा आयपी फोन साधारण तीन ते पाच हजारांत येतो. मेहकरची शाखा इंटरनेटवरून त्याच एक्स्चेंजला जोडली की तिचा फोनही इथलाच अंतर्गत फोन होतो. तीन आकडे दाबले की मेहकर. मालक शेतावर असला तर त्याच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपवरही तोच अंतर्गत नंबर वाजतो.

नेटचा वेग किती लागतो, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. नेहमीच्या दर्जाच्या एका कॉलला दोन्ही बाजूंनी नव्वदएक किलोबिट लागतात. दहा जण एकाच वेळी बोलले तरी एक एमबीपीएस पुरतो. गोंधळ होतो तो वेळेचा. त्याच लाइनवरून सीसीटीव्हीचं चित्रण क्लाउडवर चढत असेल तर आवाजाचे तुकडे रांगेत अडकतात आणि बोलणं तुटक ऐकू येतं. राउटरमध्ये आवाजाला पहिला मान देण्याची सोय असते; ती वायरमनकडून आपल्यासमोर चालू करून घ्यावी.

आता वायरीकडे वळू, कारण गावाकडची बहुतेक कामं बिघडतात ती इथे. आयपी फोनला वीज त्याच नेटवर्कच्या वायरीतून देता येते. सगळ्या वायरी एकत्र जोडून अशी वीज देणाऱ्या यंत्राला पीओई स्विच म्हणतात. प्रत्येक टेबलापाशी वेगळा अडॅप्टर लागत नाही. पण वायर अस्सल तांब्याची हवी. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच वायरींत आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. ओळखायची रीत सोपी आहे: बंडलच्या टोकाची एक तार सोलायची, ब्लेडने खरवडायची, आतून चंदेरी निघाली तर बंडल परत. अशा तारेचा विद्युतरोध जास्त, ती तापते आणि लांबच्या फोनला वीज पुरत नाही, मग तो मधूनच बंद होऊन पुन्हा चालू होतो. लांबीची मर्यादा शंभर मीटर. आणि दुकानातून गोदामात उघड्यावरून तांब्याची वायर कधी ओढू नये. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडायला लागल्या की ती वायर जवळ पडलेल्या विजेचा झटका थेट स्विचपर्यंत आणते. इमारतीबाहेर फायबर, दोन टोकांना दोन छोटे कन्व्हर्टर, आणि अर्थिंग खरोखरचं. एवढा खर्च एका जळलेल्या स्विचपेक्षा कमीच.

आणि मग ‘लाइन गेली’ हा रोजचा प्रकार. जुना लँडलाइन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, म्हणून गावभर अंधार असला तरी फोन जिवंत असायचा. आयपी फोनला ते भाग्य नाही. फोन, स्विच, एक्स्चेंजची पेटी आणि फायबरचा डबा मिळून छोट्या ऑफिसात साठ-सत्तर वॅट होतात, म्हणजे दुकानातला इन्व्हर्टर ते सहज पेलतो. फक्त इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’वर आहे ना, ते पाहावं. साध्या मोडमध्ये वीज बदलायला जो किंचित वेळ लागतो, तेवढ्यात पेटी आणि फोन बंद पडतात आणि सगळं पुन्हा उभं राहायला दोन-तीन मिनिटं जातात. दिवसातून सहा वेळा लाइन जाणाऱ्या ठिकाणी याचा किती ताप होतो, ते सांगायला नको.

एक्स्चेंज स्वतःच्या पेटीत ठेवावं की क्लाउडवर भाड्याने घ्यावं? रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तर काय होईल, हे डोळ्यांपुढे आणा. पेटी ऑफिसात असेल तर आतले फोन चालू राहतात, बाहेरचे बंद पडतात. क्लाउडवर असेल तर आतले बंद पडतात, पण बाहेरून आलेला फोन मालकाच्या मोबाइलवर वळतो. माझ्या मते गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या दुकानाने क्लाउड घ्यावा. ज्यांची आतली बोलणी जास्त, अशा शाळा, दवाखाना, संस्थांनी स्वतःची पेटी घ्यावी. शुकदास महाराजांनी १९६५ साली स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे हिवरा आश्रम गावात शाळा, कृषी महाविद्यालय अशी संस्थांची वस्ती वाढली. त्या आकाराच्या संस्थेला आतल्या आत बोलायला इंटरनेटची गरजच पडू नये. विवेकानंद जयंतीच्या महोत्सवात पुरी-भाजीच्या महाप्रसादाला लाखोंचा समुदाय जमतो. अशा गर्दीत कुठल्याही मोबाइल टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते आणि फोन लागेनासे होतात. जमिनीखालच्या वायरीवरच्या अंतर्गत फोनला त्या गर्दीशी काही देणंघेणं नसतं.

स्वतःच्या पेटीसाठी ‘अ‍ॅस्टेरिस्क’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने १९९९मध्ये स्वतःची छोटी कंपनी काढली, तेव्हा तयार पीबीएक्स परवडेना, म्हणून त्याने हे लिहिलं. ते छोट्या संगणकावरही चालतं. पण फुकट म्हणजे बिनकष्टाचं नव्हे. जवळपास जाणकार माणूस नसेल तर हमी असलेली तयार पेटी बरी.

फोन कसे वाजावेत हे ठरवताना हौस आवरावी. ‘बियाण्यांसाठी एक दाबा, खतांसाठी दोन दाबा’ हे ऐकवण्याचा मोह सगळ्यांना होतो. बांधावरून, एका हाताने दोर धरून फोन करणाऱ्याला ते नको असतं. काउंटरचे दोन्ही फोन एकदम वाजू द्या, चार घंट्यांत कोणी उचलला नाही तर हिशेबाच्या टेबलावर, मग मालकाच्या मोबाइलवर. व्हॉइसमेल आपल्याकडे कोणी ऐकत नाही. त्यापेक्षा न उचललेल्या फोनची यादी रोज संध्याकाळी काढून त्यांना परत फोन करणं हा या यंत्राचा सगळ्यात मोलाचा उपयोग आहे. आणि १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतो; तो पेटीनेच लावावा अशी व्यवस्था करून ठेवावी, नाहीतर पहिल्याच दिवशी ‘फोन लागत नाही’ची ओरड होते.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे आपला आवाज पलीकडे जातो, पलीकडचा येत नाही. दोष बहुधा फोनमध्ये नसतो, राउटरमध्ये असतो. ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय मदतीच्या नावाखाली पत्ते बिघडवते. ती बंद केली की बऱ्याचदा बोलणं सुरळीत होतं.

पासवर्ड मात्र १२३४ ठेवू नका. उघड्यावर असलेली एक्स्चेंजं शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. सापडलं की रातोरात परदेशी फोन लावतात आणि बिल आपल्या नावावर येतं. आंतरराष्ट्रीय कॉलची गरज नसेल तर ती सोय कंपनीकडूनच बंद करून घ्या. परदेशातले कॉल स्वस्तात इथल्या नंबरांवर उतरवून देण्याची ‘जोडधंद्याची’ ऑफर कोणी आणली तर त्याला चहाही पाजू नका. तो सिमबॉक्सचा धंदा आहे, आणि विनापरवाना दूरसंचार सेवा चालवणाऱ्यासाठी २०२३च्या दूरसंचार कायद्यात कैदेची तरतूद आहे.

यंत्रणा बसवून झाली की बसवणाऱ्याचे शेवटचे पैसे देण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्या: कनेक्शन संस्थेच्या नावावर आहे याची पावती, कुठली वायर कुठे गेली याचा नकाशा आणि पेटीचा मुख्य पासवर्ड. तो पासवर्ड बसवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये राहिला, तर पाटीवरचा नंबर अजून तुमचा झालेला नाही.