आधी लीद बघा

तबेल्यात सकाळी शिरणारा जुना मोतद्दार घोड्याच्या तोंडाकडे नंतर बघतो, त्याची नजर आधी खाली जाते. रात्रभरात लीद किती पडली, गोळे बांधीव आहेत की सैल, कोरडे ठणठणीत आहेत की वर चिकट पापुद्रा आलाय. मग गव्हाण. रात्रीची चंदी संपली की अर्धी तशीच राहिली? मग पाण्याची बादली. मग जमीन. अंथरलेलं गवत नेहमीसारखं विसकटलंय, की पुढच्या पायानं उकरून एकाच जागी खड्डा पडलाय? एवढं झालं की तो घोड्याच्या मानेवर थाप मारतो आणि खरारा हातात घेतो. पाहणी दोन मिनिटांची, पण घोड्याच्या निम्म्याअधिक दुखण्यांची पहिली खबर तिथेच मिळते. निरोगी घोडा दिवसातून साधारण आठ ते बारा वेळा लीद टाकतो. सकाळी तबेला अगदी स्वच्छ सापडला, तर खूश व्हायचं कारण नाही.

घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. कळपात जो लंगडतो किंवा मागे पडतो, त्याच्यावरच झडप पडते. त्यामुळे दुखणं दडवणं त्याच्या रक्तात आहे. तो विव्हळत नाही. फार तर कान मागे जातात, नाकपुड्या ताणल्या जातात, डोळ्याच्या वर एक आठी पडते. हे ओळखायचं तर त्या घोड्याचं बरं असतानाचं रूप माहीत हवं, आणि त्यासाठी तीन आकडे तबेल्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवावेत.

पहिला अंगाच्या तापमानाचा. मोठ्या घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. थर्मामीटर गुदद्वारात लावायचा, त्याला दोरी बांधायची आणि उभं राहायचं ते घोड्याच्या बाजूला, मागे नाही. दुसरी नाडी. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवरून एक धमनी जाते. ती बोटाखाली दोरीसारखी सरकते. तिच्यावर हलका दाब देऊन पंधरा सेकंद मोजायचं आणि चारानं गुणायचं. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. तिसरा श्वास, मिनिटाला ८ ते १६. माथेरानचा चढ चढून आलेल्या घोड्याचे आकडे अर्थातच यापेक्षा बरेच वर असतील, म्हणून मोजणी सकाळी, कामाआधी. प्रत्येक घोड्याचा आपला आकडा असतो. ज्याची नाडी रोज ३० असते, त्याची ४६ ही बातमी आहे.

याशिवाय ओठ वर करून हिरडी पाहायची. ती ओलसर, फिकट गुलाबी हवी. अंगठ्यानं दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंग भरतो. तसं होत नसेल तर रक्ताभिसरण मंदावलंय किंवा अंगातलं पाणी कमी झालंय. शेवटी शेवटच्या बरगडीमागे, कुशीला कान लावायचा, दोन्ही बाजूंनी. आतून गुडगुड यायला हवी. घोड्याच्या पोटाचा आवाज ही सुखाची खूण आहे, आणि शांतता ही धोक्याची.

आता पोटशूळ. घोडे पाळणाऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती याची, आणि ती रास्त आहे. दोष घोड्याच्या पोटाच्या रचनेतच आहे. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. कारण घोडा निसर्गतः दिवसातले चौदा-सोळा तास थोडं थोडं चरत राहतो, एकदम पोटभर जेवत नाही. जठरातलं आम्ल मात्र चोवीस तास पाझरत असतं, समोर चारा असो वा नसो. त्यात घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला तिरकी येऊन मिळते आणि तिच्या तोंडाशी स्नायूंचं इतकं घट्ट कडं असतं, की आत गेलेलं परत वर येत नाही. आत वायू किंवा पाणी साचत गेलं, तर जठर फुटू शकतं.

जठरापुढे वीसेक मीटर लहान आतडं, मग मोठं पोतं असावं तसं आंधळं आतडं, आणि त्याच्यापुढे मोठं आतडं. गवताचे धागे पचतात ते या शेवटच्या भागात, जंतूंच्या मदतीनं, आंबून. इथे दोन अडचणी आहेत. मोठं आतडं तीन-चार मीटर लांब, दुमडून कोंबलेलं आणि फारच थोड्या ठिकाणी पोटाच्या भिंतीला बांधलेलं. म्हणून ते सरकतं, कधी स्वतःभोवती पिळवटतं. आणि कमरेच्या हाडाजवळ जिथे ते वळतं, तिथे रुंद नळी एकदम अरुंद होते. कोरडा, जाड कडबा आणि कमी पाणी असा योग आला की चोथा नेमका तिथे अडतो. थंडीत घोडे पाणी कमी पितात, म्हणून हिवाळ्यात हा प्रकार वाढतो. बादलीत थोडं कोमट पाणी घातलं तरी पिणं सुधारतं. हा उपाय इतका साधा आहे, की बरेच जण त्याकडे दुर्लक्ष करतात.

वाळूचा पोटशूळ वेगळा. नदीकाठी बांधलेला किंवा समुद्रकिनाऱ्यावर फिरवला जाणारा घोडा जमिनीवरचं खाणं वेचताना वाळूही गिळतो. ती जड असते, तळाशी बसते, महिनोन् महिने साठते. ओळखायचं कसं? ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे बादलीभर पाण्यात कालवायचे, थोडा वेळ थांबायचं आणि वरचं हळूच ओतून द्यायचं. तळाशी वाळूचा थर उरला, तर चारा गव्हाणीत घालायला लागा. पाणी स्वच्छ निघालं म्हणून निश्चिंत मात्र होऊ नये, कारण आतली वाळू रोज बाहेर पडेलच असं नाही.

पोट दुखू लागलेला घोडा आधी खाणं सोडतो. मग मान वळवून कुशीकडे बघतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो, वरचा ओठ उलटा करतो, लघवी करायला उभं राहावं तसा अंग ताणतो आणि काहीच करत नाही. दुखणं वाढलं की घाम फुटतो, तो धाडकन खाली बसतो, लोळतो, उठतो, पुन्हा लोळतो.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे समोरचा चारा आणि चंदी काढून घेणं. दुसरं, घड्याळ बघून वेळ लिहिणं. तिसरं, नाडी, हिरडी, कुशीतला आवाज आणि शेवटची लीद कधी पडली हे पाहून डॉक्टरांना फोन. ‘घोडं बरं नाही, लवकर या’ यापेक्षा ‘दोन तासांपासून लोळतोय, नाडी ६४, डाव्या कुशीत आवाज नाही, काल संध्याकाळपासून लीद नाही’ हे ऐकलेला डॉक्टर सोबत काय घेऊन निघायचं ते ठरवू शकतो. नाडी ६० च्या वर टिकून असेल, तर मामला गंभीर समजायचा. हिरडी जांभळट पडू लागली, तर आणखीनच.

तोवर घोड्याला हळूहळू फिरवावं, पण बेतानं. रात्रभर दमेपर्यंत चालवत ठेवायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि ती चुकीची आहे. शांत पडून असेल तर पडू द्यावा. फिरवायचं ते लोळण्यात त्याला इजा होऊ नये आणि सौम्य वायू सुटावा एवढ्यासाठी. घोडा बेफाम लोळत असेल तर त्याच्या जवळ कुणीही जाऊ नये.

आणि बाटलीनं तेल पाजू नये. इथे मी आग्रही आहे, कारण बरेच घोडे पोटदुखीतून वाचतात आणि या उपचारानं मरतात. डोकं वर ताणून, बाटलीनं किंवा बांबूच्या नळकांड्यानं ओतलेलं तेल श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. डॉक्टर तेल किंवा पाणी देतात ते नाकातून जठरापर्यंत घातलेल्या नळीनं. त्या नळीचा अर्धा उपयोग तर उलटा आहे. आत साचलेला वायू आणि द्रव तिच्यातून बाहेर येतो आणि जठर फुटण्याचं संकट टळतं. घरात उरलेलं वेदनाशामक इंजेक्शन परस्पर टोचणं हाही असाच उद्योग. त्यानं घोडा शांत दिसतो, आतला पीळ तसाच राहतो आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून जाते. खूप तडफडणारा घोडा औषधाविना अचानक निमूट झाला आणि नाडी मात्र चढतच राहिली, तर ते बरं होण्याचं लक्षण नसतं. आतडं किंवा जठर फुटलेलं असू शकतं.

टाळायचं कसं, हे फार अवघड नाही. घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात आणि कामात अधिक. वैरण वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला सव्वापाच किलो कोरडी वैरण. चंदी एकदम न देता तीन वेळा विभागून. आणि कुठलाही बदल, मग तो नव्या कडब्याचा असो वा हिरव्या चाऱ्याचा, आठ-दहा दिवसांत थोडा थोडा. कारण आतड्यातले जंतू त्या चाऱ्याला सरावायला तेवढा वेळ घेतात. दात वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात, कडा धारदार होतात, मग तो अर्धवट चावलेल्या घासाचे बोळे खाली टाकू लागतो. न चावलेला कडबा म्हणजे पुढचा पोटशूळ.

पोटातली गडबड पायात उतरते, हे नवख्याला पटत नाही. दावं सोडवून घोड्यानं रात्री हरभऱ्याचं किंवा ज्वारीचं पोतं फस्त केलं असं समजा. जास्तीचं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, आम्ल वाढतं, तिथले जंतू मरतात आणि त्यांची विषं रक्तात मिसळतात. खुराचं कवच आतल्या हाडाला शेकडो नाजूक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. या विषारी गोंधळात ते पापुद्रे सुजतात आणि सुटू लागतात. घोड्याचं सगळं वजन त्यांच्यावर असतं. ते सुटले तर हाड आत फिरतं, आणि फार बिघडलं तर तळव्यातून बाहेरही येतं.

अशा घोड्याची उभं राहण्याची ढब एकदा पाहिली की विसरत नाही. पुढचे पाय पुढे टाकलेले, भार मागच्या पायांवर, वळायला नकार. खुरांना हात लावला तर गरम, आणि खुराच्या वर, घोट्याच्या मागच्या बाजूला एरवी जेमतेम लागणारी नाडी धडधडते. पण ही लक्षणं दिसायला एक-दोन दिवस जातात, आणि उपचाराची खरी वेळ त्याआधीची. पोतं खाल्लेलं दिसलं, घोडा अगदी ठणठणीत वाटला, तरी डॉक्टरांना त्याच रात्री बोलवायचं. चारही पाय बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. आणि इथे घोड्याला फिरवायचं अजिबात नाही. पोटशुळातली सवय इथे घात करते. त्याला मऊ, जाड अंथरुणावर उभं ठेवायचं.

खुराची रोजची दुखणी यामानानं साधी. माथेरानमध्ये मोटारींना बंदी, त्यामुळे पुष्कळशी माणसं आणि सामान घोड्यांवर. तांबडी माती, उतार आणि धोधो पाऊस. ओल्या लिदीत उभं राहणाऱ्या घोड्याच्या तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग कुजतो, काळा पडतो आणि त्याला असा वास येतो की वेगळं निदान लागत नाही. रोज दोनदा खूर कोरून साफ करणं आणि कोरडी जागा, यानं बहुतेक वेळा भागतं. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा, नाल झिजली नसली तरी, कारण खूर वाढतच असतो. घोडा रातोरात एका पायानं जबर लंगडू लागला, तर हाड मोडल्याची शंका येते, पण पुष्कळदा खुरात पू झालेला असतो. नालबंदानं किंवा डॉक्टरनं नेमकी जागा उघडली की पू वाहतो आणि आराम पडतो.

तळव्यात खिळा घुसला तर शक्यतो डॉक्टर येईपर्यंत तो उपटू नये, कारण तो किती आत आणि कुठल्या दिशेनं गेलाय हे त्याच्यावरूनच कळतं. काढावाच लागला तर जागेवर खूण करून ठेवावी. मग धनुर्वाताची लस. पाळीव जनावरांत धनुर्वाताचा सगळ्यात सहज बळी घोडा, आणि त्याचे जंतू लिदीत नि मातीत असतातच. अंग लाकडासारखं ताठ, कान उभे, शेपूट उचललेली आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून सरकून येणारा पांढरट पडदा दिसला, तर उशीर झालेला असतो. ही लस स्वस्त आहे. मुंबईची हाफकिन संस्था सर्पदंशावरचं औषध घोड्यांच्या रक्तातून बनवत आली, आपला जीव असा त्यांच्या रक्तावर वाचतो. त्यांच्यासाठी एवढी एक सुई चुकवण्याला कारण नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतर, चावऱ्या माश्या वाढल्या की सर्रा येतो. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. खाणं बरं असूनही घोडा वाळत जातो, हिरड्या फिकट पडतात, पायांवर आणि पोटाखाली सूज उतरते. रक्तात एक सूक्ष्म परजीवी असतो. तो १८८० साली ग्रिफिथ एव्हन्स या पशुवैद्यानं डेरा इस्माईल खान इथे शोधला. रक्त तपासलं तर तो सापडतो आणि त्यावर औषध आहे. पण तापाच्या दिवशीच रक्त घेतलं तर सापडण्याची शक्यता जास्त, आणि ते जमतं थर्मामीटर रोज लावणाऱ्यालाच.

राहिले संसर्गाचे आजार. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, नांदेडकडे माळेगावची खंडोबाची. ठिकठिकाणचे घोडे एका मैदानात, एका हौदावर. तिथून आणलेलं शिंगरू आठवडाभरात नाकातून घट्ट शेंबूड गाळू लागलं आणि जबड्याखाली गाठी सुजून पिकल्या, तर तो बहुधा घशाच्या गाठींचा संसर्ग असतो. त्यातून बहुतेक शिंगरं बरी होतात, पण बादलीतून, लगामातून, माणसाच्या हातांतून सगळा तबेला लागतो. ग्लँडर्स मात्र वेगळं प्रकरण. नाकात व्रण, एका किंवा दोन्ही नाकपुड्यांतून पिवळा स्राव, पायांच्या आतल्या बाजूला माळेसारख्या गाठी, त्या फुटून होणारे व्रण. हा माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. त्यावर लस नाही. कायद्यानं सरकारी पशुवैद्यकाला कळवणं बंधनकारक आहे, बाधित घोड्यावर उपचार करायचे नसतात, त्याला दयामरण दिलं जातं आणि मालकाला भरपाई मिळते. ती मिळते म्हणूनच लपवाछपवी टाळावी. देशभरातले संशयित नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात.

म्हणून यात्रेतून सौदा करताना ग्लँडर्सच्या तपासणीचा ताजा दाखला मागावा. घोडा घरी आला की किमान तीन आठवडे वेगळा बांधावा, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, त्याची बादली, तोबरा, खरारा सगळं स्वतंत्र. चारा-पाणी आधी जुन्या घोड्यांना, मग नव्याला, आणि त्याच्यानंतर हात साबणानं धुतल्याशिवाय कुणालाही हात लावायचा नाही. ताप सकाळ-संध्याकाळ मोजून दारावर लिहायचा.